आठ जण, एक कप्पा: नागपूरहून केरळपर्यंत मित्रांसोबत रेल्वेने

आठ मित्रांचा लांबचा रेल्वे प्रवास जमतो की विस्कटतो, हे गाडीत बसण्याच्या दोन महिने आधी, सकाळी आठ वाजता ठरते. तिकिटे एका कप्प्यात मिळाली तर दीड दिवस कधी सरला ते कळत नाही. तीच चार डब्यांत विखुरली तर सगळा वेळ सामान सांभाळण्यात आणि ‘दादा, जरा तिकडच्या सीटवर बसता का’ अशा विनवण्यांत जातो. म्हणून या लेखाचा मोठा भाग तिकिटावर आहे. उदाहरणाला नागपूर ते केरळ हा मार्ग घेतला आहे, पण हिशेब दिल्लीकडे किंवा हावड्याकडे जाणाऱ्यांनाही तसाच लागू पडतो.

नागपूरकरांची सोय आणि नागपूरकरांची अडचण

मुंबई–हावडा आणि दिल्ली–चेन्नई हे दोन मोठे मार्ग नागपुरात एकमेकांना मिळतात. दिल्ली आणि चेन्नई दोन्ही इथून साधारण अकराशे किलोमीटर. त्यामुळे देशाच्या कुठल्याही टोकाला जाणारी गाडी घरासमोरून गेल्यासारखी मिळते. दक्षिणेकडे रोज धावणारी केरळ एक्सप्रेस (१२६२६) आहे. आठवड्यातून एकदा कटऱ्याहून कन्याकुमारीला जाणारी हिमसागर आहे. नागपूर ते कन्याकुमारी हे अंतर हिमसागरच्या वळणाच्या मार्गाने दोन हजार किलोमीटरच्या आसपास पडते, म्हणजे चाळीसेक तास धरून चाला. आठ जणांसाठी रोजची गाडी बरी, कारण एका तारखेला जागा नसेल तर दुसऱ्या दिवशीची बघता येते. आठवड्याच्या गाडीला ती मुभा नाही.

अडचण अशी की या गाड्या नागपूरहून सुटत नाहीत, नागपूर मधले स्टेशन आहे. सुरुवातीच्या स्टेशनाला जागांचा मोठा वाटा मिळतो, मधल्यांच्या वाट्याला थोडा येतो. तिकीट वेटिंगला गेले तर पुढची अक्षरे नीट वाचा. जीएनडब्ल्यूएल म्हणजे सर्वसाधारण वेटिंग, ते सर्वांत आधी सरकते. नागपूरहून काढलेल्या तिकिटावर बहुधा आरएलडब्ल्यूएल (मधल्या मोठ्या स्टेशनाचे वेटिंग) किंवा पीक्यूडब्ल्यूएल (अनेक स्टेशनांचे सामायिक वेटिंग) दिसते, आणि ते फार हळू पुढे जाते. ‘वेटिंग २० आहे, होऊन जाईल’ असे जे आपण सहज म्हणतो ते जीएनडब्ल्यूएलच्या अनुभवावरून. आरएलडब्ल्यूएल २० वर आठ जणांची सहल ठरवू नका.

यावर एक सरळ उपाय आहे. तिकीट नागपूरऐवजी मागच्या मोठ्या स्टेशनापासून, उदाहरणार्थ भोपाळपासून काढायचे आणि चढण्याचे स्टेशन नागपूर करून घ्यायचे. रेल्वेचे भाडे अंतर वाढेल तसे दर किलोमीटरला कमी होत जाते, त्यामुळे दोन हजार किलोमीटरच्या तिकिटात मागचे चारशे किलोमीटर वाढले तरी फरक सोसण्यासारखा असतो. याच कारणाने प्रवासाचे दोन तुकडे करून दोन तिकिटे काढण्यापेक्षा एकच सलग तिकीट स्वस्त पडते. मात्र चढण्याचे स्टेशन आयआरसीटीसीवर (रेल्वेच्या तिकिटांच्या संकेतस्थळावर) चार्ट, म्हणजे प्रवाशांची अंतिम यादी, लागण्यापूर्वी बदलले गेलेच पाहिजे. ते राहिले तर भोपाळला तुम्ही दिसला नाहीत म्हणून टीसी तो बर्थ पुढच्या आरएसीवाल्याला (ज्याला बसण्यापुरती जागा मिळाली आहे त्याला) देऊ शकतो. तिकीट हातात आले की दहा मिनिटांत हे काम उरका, ‘नंतर करू’ म्हणून ठेवू नका.

तारखेचा हिशेब

आरक्षण ६० दिवस आधी उघडते, प्रवासाचा दिवस सोडून. १ नोव्हेंबर २०२४ पासून हा नियम आहे, त्याआधी १२० दिवस होते. पण हे ६० दिवस गाडी सुरुवातीच्या स्टेशनावरून ज्या तारखेला निघते तिथपासून मोजतात, आणि बहुतेक लोक चुकतात ते इथेच. केरळ एक्सप्रेस दिल्लीहून निघून दुसऱ्या दिवशी नागपूरला येते. तुम्हाला २० डिसेंबरला नागपुरात चढायचे असेल तर ती गाडी १९ डिसेंबरची, आणि तिचे आरक्षण २० ऑक्टोबरला सकाळी ८ वाजता उघडणार. २१ तारखेला बसाल तर एक अख्खा दिवस हातचा गेलेला असेल. तत्काळचेही तसेच. एसीचे तत्काळ सकाळी १० ला आणि स्लीपरचे ११ ला, गाडी निघण्याच्या आदल्या दिवशी. म्हणजे तुमच्या २० तारखेसाठी तत्काळ १८ डिसेंबरला उघडेल, १९ ला नव्हे.

दिवस निवडताना हंगामही बघा. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत शबरीमलाची यात्रा असते आणि केरळच्या गाड्या भरून वाहतात. त्यात नाताळची सुटी येऊन पडते. उत्तरेकडे जायचे असेल तर डिसेंबर-जानेवारीत धुक्याने गाड्या तासन् तास रखडतात. केरळसाठी फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा सगळ्यांत चांगला: गर्दी ओसरलेली, नागपुरातही अजून ऊन तापलेले नसते.

आठ बर्थ एकत्र कसे मिळवायचे

आधी डब्याची रचना डोक्यात बसवा. स्लीपर आणि थर्ड एसीत एका कप्प्यात आठ बर्थ असतात. समोरासमोर तीन-तीन आणि पॅसेजपलीकडे साइडचे दोन. बर्थ नंबरला ८ ने भागा. बाकी १ किंवा ४ उरली तर लोअर, २ किंवा ५ तर मिडल, ३ किंवा ६ तर अपर, ७ म्हणजे साइड लोअर आणि बाकी शून्य म्हणजे साइड अपर. ४३ ला आठाने भागले की बाकी ३, म्हणजे अपर. ३३ ते ४० हा एक पूर्ण कप्पा. ३७ ते ४४ हेही सलग आठ नंबर, पण ते दोन कप्प्यांत मोडतात. जुन्या आयसीएफ बनावटीच्या स्लीपरमध्ये असे ९ कप्पे म्हणजे ७२ बर्थ, नव्या एलएचबी बनावटीच्या स्लीपरमध्ये ८० आणि एलएचबी थर्ड एसीत ७२. सेकंड एसीत कप्पा सहाचा असतो, तिथे हे गणित चालत नाही.

एका पीएनआरवर, म्हणजे एका तिकीट क्रमांकावर, जास्तीत जास्त ६ जण बसतात आणि तत्काळला ४. आठांसाठी दोन पीएनआर लागणारच. सहा अधिक दोन करण्याचा मोह होतो, पण चार अधिक चारच करा. एक तिकीट वेटिंगला गेले तरी निम्मी मंडळी पक्की राहतात, आणि तत्काळची वेळ आलीच तर तीच यादी जशीच्या तशी वापरता येते. सहा-दोनमध्ये मागचे दोघे हमखास चार डबे पलीकडे जाऊन पडतात.

आदल्या दिवशी दोघा जणांनी आपापल्या आयआरसीटीसी खात्याचे आधार प्रमाणीकरण झाले आहे का हे तपासावे. आरक्षण उघडते त्या पहिल्या काळात आणि तत्काळला प्रमाणित खाते नसेल तर पुढे जाताच येत नाही. मग प्रत्येकाने आपल्या चार प्रवाशांची नावे आणि वये खात्यातल्या मास्टर लिस्टमध्ये भरून ठेवावीत. पैसे वॉलेटमध्ये टाकून ठेवणे सर्वांत भरवशाचे, कारण बँकेच्या पानावर ओटीपीची वाट बघण्यात जागा निघून जातात. आठ वाजायला पाच मिनिटे असताना लॉगिन करा, फार आधी केले तर सत्र संपून बाहेर फेकले जाता. दोघांनी फोनवर एकमेकांशी बोलत राहावे आणि दोघांनी एकाच डब्याचा पर्याय भरावा, समजा एस ४. ‘सर्व बर्थ एकाच डब्यात मिळाल्यासच तिकीट द्या’ हा चौकोनही दोघांनी निवडावा.

आणखी एक चौकोन आहे, तो मात्र रिकामा ठेवा: ऑटो अपग्रेडेशनचा. वरच्या वर्गात जागा उरली तर रेल्वे एखादा पीएनआर जास्तीचे पैसे न घेता वर उचलते. एकट्याला तो लाभ असतो. तुमचे मात्र दोन पीएनआर आहेत. एक सेकंड एसीत गेला आणि दुसरा थर्ड एसीत राहिला तर सकाळी आठपासून केलेली सगळी धडपड पाण्यात.

लोअर बर्थ सगळ्यांनीच मागू नका. चार जणांच्या तिकिटावर एक-दोन लोअर, एक मिडल, एक अपर असे वाटून भरले तर संगणकाला एका कप्प्यात बसवणे सोपे जाते. गुडघेदुखीवाला कोण, रात्री घोरतो कोण, हे आधीच विचारून घ्या.

स्लीपर की थर्ड एसी? नोव्हेंबर ते फेब्रुवारी, मंडळी धडधाकट असतील तर स्लीपरच घ्यावा. उघड्या खिडकीतून दिसणारा प्रवास काचेमागे मिळत नाही. मार्चच्या मध्यापासून जूनपर्यंत मात्र थर्ड एसी. नागपूर–चंद्रपूर–बल्लारशा पट्ट्यात दुपारी डब्याचा पत्रा असा तापतो की वरच्या बर्थवर पाठ टेकवत नाही.

कोणी गळाले तर

मित्रांच्या सहलीत हे होतेच. तिकिटावरचे नाव बदलण्याची सोय रेल्वेत आहे, पण ती कुटुंबातल्यांसाठी: आईवडील, भाऊ, बहीण, मुले, नवरा, बायको. मित्राच्या जागी मित्र चालत नाही. तेव्हा गळालेल्याच्या नावावर दुसऱ्या कोणाला ऐनवेळी ‘चल रे’ म्हणून घुसवू नका, ओळखपत्र तपासले तर तो विनातिकीट धरला जातो. जो येणार नाही त्याचे तेवढेच नाव चार्ट लागण्यापूर्वी रद्द करा, बाकीच्यांच्या बर्थना धक्का लागत नाही. चार्ट आता काही तास आधी लागतो, आणि तो वेळ नागपूरहून नव्हे, सुरुवातीच्या स्टेशनावरून मोजला जातो. ‘गाडी उद्या दुपारी आहे, सकाळी रद्द करू’ म्हणाल तर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. रद्द करण्याची कपात गळालेल्याने भरायची हे पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर बोलून घ्या. पैशावरून मैत्रीत कडवटपणा येतो तो बहुतेक इथूनच.

परतीचे तिकीट तिरुवनंतपुरमहून काढाल तेव्हा ते गाडीचे सुरुवातीचे स्टेशन असते, त्यामुळे जागा मिळणे सोपे. पण ते जाण्याच्या तिकिटानंतर काही दिवसांनी उघडते. ती तारीखही आत्ताच मोबाइलवर लावून ठेवा. जाण्याचे पक्के झाले या आनंदात परतीचे राहून जाते.

पुढची जोडगाडी पकडायची असेल, जसे तिरुवनंतपुरमहून कन्याकुमारी, तर दोन्ही ई-तिकिटांचे पीएनआर जोडून घ्या. पहिली गाडी उशिरा पोचून दुसरी चुकली तर दुसऱ्याचे पैसे मागता येतात. तरी दोन गाड्यांमध्ये चार तास मोकळे ठेवा. लांब पल्ल्याची गाडी आहे, ती तुमच्या वेळेवर चालत नाही.

शिदोरी

सगळ्यात जास्त चुका शिदोरीत होतात, आणि त्या होतात हौसेपायी. भात, बटाट्याची ओली भाजी, ओल्या नारळाची चटणी, दही यातले काही नेऊ नका, दुपारपर्यंत आंबते. पहिल्या जेवणाला पोळ्या आणि कोरडा झुणका चालतो, पण तो पहिल्या जेवणातच संपवायचा.

दुसऱ्या आणि तिसऱ्या जेवणाला दशम्या. आठ जण, दोन जेवणे, माणशी तीन धरल्या तर ४८ दशम्या. त्याला साधारण दीड किलो कणीक लागते. कणकेत मीठ आणि चार-पाच चमचे कडकडीत तेलाचे मोहन घालून ती फक्त दुधात भिजवा, पाऊण ते एक लिटरभर दूध जाते. पाण्याचा थेंबही नको, टिकते ती त्यामुळेच. तव्यावर तेल सोडून दोन्ही बाजूंनी खरपूस भाजा. मग महत्त्वाचे: गरम दशम्या एकावर एक रचू नका. सुती कापडावर एकेक पसरून पार गार होऊ द्या. गरम रचल्या की त्यांना घाम सुटतो, त्या पाण्याने मधल्या दशम्या चिकट होतात आणि दुसऱ्या दिवशी त्यांना वास येतो. गार झाल्या की कापडात गुंडाळून डब्यात भरा. प्लास्टिकच्या पिशवीत नको.

सोबत जवसाची आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी, पाव-पाव किलो. ठेचा न्यायचा तर मिरच्या तेलात चांगल्या परतून, पाणी न लावता कुटलेला. लोणच्याची बरणी गळतेच असे धरून ती पिशवीत बांधून उभी ठेवा. कपड्यांच्या बॅगेत तर मुळीच नको. चिवडा एक किलो पुरतो. हिवाळ्यात संत्री माणशी तीन म्हणजे दोन डझन. साली खिडकीतून फेकू नका, त्यासाठी वेगळी पिशवी ठेवा.

पाणी माणशी दिवसाला तीन लिटर लागते. सगळे वाहून नेण्यात अर्थ नाही, निघताना बारा लिटर घ्या, बाकी वाटेत. रेल नीरची लिटरची बाटली १४ रुपयांना आहे. कोणी वीस मागितले तर छापील किंमत दाखवा, तरी ऐकले नाही तर रेल्वेच्या १३९ या हेल्पलाइनवर तक्रार करा.

गरम जेवण हवेच असेल तर ई-केटरिंगवर पीएनआर टाकून पुढच्या मोठ्या स्टेशनावर मागवता येते. विजयवाड्यासारखे जास्त थांब्याचे स्टेशन निवडा. दोन मिनिटांच्या थांब्यावर डबे घेऊन येणारा मुलगा तुमच्या डब्यापर्यंत पोचत नाही. गाडी किती उशिरा आहे ते बघून मगच मागवा.

केटली, इंडक्शन, इस्त्री बर्थजवळच्या सॉकेटला लावायची नाही. ते सॉकेट मोबाइल आणि लॅपटॉपपुरते आहे. जास्त भार पडला की वायर तापते, बंद डब्यात त्यातून आग लागू शकते आणि त्यावर कारवाईही होते. चहा गाडीत मिळतो, त्यावर भागवा.

नागपूर स्टेशनावर

गाडी इथे काही मिनिटेच थांबते, आणि आठ माणसांना सोळा बॅगांसह चढायला ती कमी पडतात. मुख्य इमारतीची बाजू आणि संत्रा मार्केटची बाजू, दोन्हीकडून आत जाता येते. कुठे भेटायचे ते एकच ठरवा. नाहीतर चौघे एक नंबरवर आणि चौघे आठ नंबरवर असे होते, आणि मधला पूल सामान घेऊन ओलांडावा लागतो. पुनर्विकासाच्या कामामुळे वाटा बदलत असतात म्हणून पाऊण तास आधी पोचा. मेट्रोच्या ॲक्वा मार्गावर ‘नागपूर रेल्वे स्टेशन’ नावाचेच स्थानक आहे, वाहतुकीच्या वेळेत ती बरी.

डबा कुठे येणार हे फलाटावरच्या फलकावर दिसते. तिथे जाऊन उभे राहा आणि दोन गट करा. तिघे आधी हात मोकळे ठेवून चढतील, बाकीचे दारातून सामान देतील. सगळे एकदम घुसले की दार अडते आणि उतरणाऱ्यांशी झोंबाझोंबी होते. मोफत सामानाची मर्यादा स्लीपर आणि थर्ड एसीला माणशी ४० किलो आहे. माणशी एक मध्यम बॅग आणि एक पाठीवरची, यापुढे जाऊ नका. लोअर बर्थखाली मोठ्या चाकाच्या बॅगा तीनच बसतात, मऊ बॅगा पाच.

गाडीत

प्रत्येक पीएनआरवरच्या एकाचे मूळ ओळखपत्र जवळ हवे, फोटो चालत नाही. चौघा-चौघांपैकी कोण दाखवणार ते ठरवा आणि तो माणूस टीसी येईपर्यंत जागा सोडून भटकणार नाही हे बघा.

कप्प्यातली एखादी जागा बाहेरच्या प्रवाशाची निघाली तर अदलाबदल मागा, पण लोअरच्या बदल्यात लोअरच द्या. म्हाताऱ्या माणसाला अपर देऊन त्यांचा लोअर मागणे बरे नव्हे.

मिडल बर्थ रात्री १० ते सकाळी ६ एवढाच उघडायचा असतो. दहानंतर पत्ते चालू ठेवायचे तर आवाज खाली आणि मोठा दिवा बंद. शेजारच्या कप्प्यात लहान मूल असते. झोपण्यापूर्वी बॅगा लोअर बर्थखालच्या कड्यांना साखळीने बांधा. एकेक बॅग वेगळी बांधण्यापेक्षा लांब साखळी सगळ्यांच्या हँडलमधून ओवून एकच कुलूप लावा. चोराला एक ओढली की सगळा गठ्ठा येतो आणि आवाज होतो. स्लीपरमध्ये खिडकीच्या गजाजवळ मोबाइल चार्जिंगला लावून झोपू नका. गाडी हलताना बाहेरून हात घालून तो उचलला जातो.

दाराच्या पायरीवर पाय सोडून बसण्याची हौस खूप जणांना असते. ती करू नका. उंच फलाट आला की पाय आणि फलाटाच्या कडेमध्ये बोटभर जागाही उरत नाही, आणि वेगात तो येताना दिसतही नाही. बघण्यासारखे खिडकीतून भरपूर दिसते. बल्लारशा मागे टाकून तेलंगणात शिरल्यावर मंचेरियल आणि रामागुंडमच्या मध्ये गोदावरीचा पूल लागतो. विजयवाडा सोडले की कृष्णा. कोइम्बतूर आणि पालक्काडच्या मध्ये सह्याद्रीची रांग एकदम खाली बसते आणि त्या खिंडीतून गाडी केरळात उतरते. त्या तासाला सगळे जागे असू द्या, हवा आणि झाडे बघता बघता बदलतात.

मधल्या स्टेशनावर पाणी आणायला दोघे उतरले तर बाकीचे आतच. गाडीने हॉर्न दिला की हातात काय आहे ते न बघता जवळच्या डब्यात चढायचे, आतून चालत आपल्या जागी येता येते. तरी कोणी राहिलाच तर साखळी ओढू नका, तोवर गाडी फलाटापासून लांब गेलेली असते आणि विनाकारण ओढल्यास शिक्षाही आहे. त्याला फोनवर सांगा की स्टेशन मास्तरांकडे जा, इकडे टीसीला कळवा आणि त्याचे सामान पुढे न्या. यासाठीच प्रत्येकाने पैसे, ओळखपत्र आणि मोबाइल कायम अंगावर ठेवायचा, बनियनवर फिरताना सुद्धा.

खर्चाला एक खजिनदार नेमा. माणशी हजार रुपये सुरुवातीला गोळा करा, चहापासून हमालापर्यंत सगळे त्यातून आणि रोज रात्री वहीत दोन ओळी. औषधांत ओआरएसची पाकिटे, तापाची आणि जुलाबाची गोळी, चिकटपट्टी. ज्याची रोजची गोळी आहे ती त्याने मोठ्या बॅगेत न ठेवता खिशात ठेवावी.

उतरताना

उतरायच्या तासभर आधी दोघांच्या मोबाइलवर गजर लावा, एकावर नको. एर्नाकुलमला उतरायचे असेल तर लक्षात घ्या, केरळ एक्सप्रेस एर्नाकुलम टाउनला थांबते, जंक्शनला नाही. मुक्कामाच्या ठिकाणी आणि घ्यायला येणाऱ्याला स्टेशनाचे पूर्ण नाव सांगा. साखळी अर्धा तास आधी सोडा, घाईत किल्ली सापडत नाही. चाकाच्या बॅगा दाराकडे न्या, पण पॅसेज अडवू नका. सगळ्यात शेवटी एकाने मोबाइलचा दिवा लावून दोन्ही लोअर बर्थखाली, वरच्या बर्थच्या कोपऱ्यात आणि खिडकीच्या जाळीत बघावे. चष्मे, चार्जर आणि चपला तिथेच राहतात. बॅगा मोजा: नागपूरला चढताना वहीत लिहिलेला आकडा आणि फलाटावरचा आकडा जुळला की मगच रिक्षा सांगा.